स्पीकरवाल्याला कोण सांगणार?

बेस्टच्या बसमध्ये इयरफोन न लावता मोबाइलवर गाणी ऐकायला किंवा व्हिडिओ पाहायला मनाई आहे. फोनवर चढ्या आवाजात बोलायलाही आहे. बातमी नवी नाही. उपक्रमाने एप्रिल 2023 मध्ये तशी सूचना काढली, तिला मुंबई पोलीस अधिनियम 1951 च्या 38 आणि 112 या कलमांचा आधार दिला आणि गाड्यांमध्ये फलक लावायचे ठरवले. वर्तमानपत्रांत मथळे झाले, चार दिवस चर्चा झाली. आज संध्याकाळी सात वाजता दादरहून सुटणाऱ्या कुठल्याही बसमध्ये चढावे आणि त्या नियमाची प्रकृती स्वतःच पाहावी. मागच्या सीटवर कोणी क्रिकेटचे हायलाइट्स लावलेले असतात, मधल्या रांगेत कालचा मालिकेचा भाग चालू असतो आणि दाराशी उभा असलेला तरुण एकामागून एक रील सरकवत असतो. तिघांचेही स्पीकर चालू. फलक लावलेला असलाच तर तो तिघांच्या डोक्यावरच असतो.

नियमांचा तुटवडा हे आपले दुखणे कधीच नव्हते. रेल्वे कायदा 1989 चे कलम 145 सहसा दारुड्यांच्या संदर्भात आठवते. पण त्याच कलमात उपद्रव करणाऱ्या प्रवाशाला गाडीतून उतरवण्याचा अधिकार रेल्वे कर्मचाऱ्याला दिलेला आहे, आणि मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद व 500 रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. मेट्रोच्या 2002 च्या कायद्यातले कलम 59 त्याच वळणाचे आहे. दुसऱ्या प्रवाशाच्या सुखसोयीत बाधा आणणारे वर्तन त्यात येते. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी रेल्वेने जानेवारी 2022 मध्ये वेगळ्या सूचना दिल्या: रात्री दहानंतर मोठ्याने गप्पा नकोत, मोठ्याने गाणी नकोत, रात्रीचा मंद दिवा सोडून बाकीचे दिवे बंद, आणि तक्रार आली तर गाडीतल्या कर्मचाऱ्यांनी ती सोडवायची.

याच रात्री दहाचा आणखी एक नियम आहे. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच उघडायचा. तो मात्र देशभर पाळला जातो. त्याचे कारण प्रवाशांची शिस्त नव्हे. मधल्या बर्थवाल्याने फळी उचलून साखळी अडकवली की खाली बसलेल्याला मान वाकवून उठावेच लागते. आवाजाच्या नियमाला अशी साखळी नाही. तिथे कोणाला तरी तोंड उघडावे लागते, आणि सगळे घोडे तिथेच अडते.

बसमधला, लोकलमधला गोंगाट आजचा नाही, मग आताच एवढी कुरकूर कशासाठी, असा प्रश्न कोणी करेल. प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर फोनच्या गेल्या वीस वर्षांच्या प्रवासात सापडते. साध्या बटणांच्या फोनवर एफएम रेडिओ आला तेव्हा इयरफोनची वायर हीच त्याची अँटेना होती. वायर खुपसल्याशिवाय बहुतेक फोनवर रेडिओ लागतच नसे, त्यामुळे सभ्यपणा आपसूकच पाळला जाई. पुढे 'चायना मोबाइल' म्हणून ओळखले जाणारे दणदणीत स्पीकरांचे फोन आले आणि एसटी स्टँडवर, रिक्षात, बांधकामांवर गाणी मोकळी झाली. तरीही गाणी मेमरी कार्डात भरून आणावी लागत आणि डेटा महाग होता. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि डेटाचे भाव कोसळले. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलने नव्या फोनच्या खोक्यातून इयरफोन काढून टाकले, आणि खोक्यात काही न देण्याची ही रीत इतर कंपन्यांच्याही अंगवळणी पडली. हेडफोनचे गोल भोक तर अनेक फोनांवरून त्याआधीच गायब होऊ लागले होते. चित्र आणि आवाज जवळजवळ फुकट झाला, आणि तो कानापुरता ठेवण्याचे साधन मात्र वेगळे विकत घेण्याची वस्तू झाली.

आवाजाची जातही बदलली. गाणे चार-पाच मिनिटे चालते. त्याला चाल असते, कान काही वेळाने ते मागे टाकतो. रील मात्र दर काही सेकंदांनी हिसका देते: ठेका, किंकाळी, रेकॉर्ड केलेले हसू, कोणाचा तरी उपदेश, पुन्हा ठेका. कानाला सवय होण्याआधीच पुढचे हजर. त्यात फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. तो वरच्या पट्टीतच बोलतो, आणि माणसाचा कान नेमका दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तिखट असतो. म्हणून इंजिनाच्या घरघरीत आणि रुळांच्या खडखडाटातही चार सीट पलीकडचे रील शब्दन् शब्द ऐकू येते, पण शेजारी बसलेल्या मैत्रिणीचे बोलणे मात्र निसटते.

फोनवरच्या बोलण्याबद्दल तर शास्त्रीय पुरावाच आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. लक्ष एकवटून करायची कामे लोकांना दिली आणि त्याच वेळी त्यांच्या कानावर कधी दोघांचा पूर्ण संवाद, कधी एकट्याचे कथन, तर कधी फोनवरच्या संभाषणाची एकच बाजू पडू दिली. काम बिघडले ते या अर्ध्या संवादाने. समोरचा काय म्हणाला असेल याचा अंदाज मेंदू बांधत बसतो; त्याला ते थांबवता येत नाही. "अगं पण तिने असं केलंच कसं?" एवढेच वाक्य ऐकून कल्याणपर्यंत तिने काय केले असेल याचा विचार करत बसणारा प्रवासी हा भोचक असतोच असे नाही.

गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्येच नोंदवले होते. आज त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. डब्यात एक स्पीकर लागला की शेजारचा फोनवर जरा मोठ्याने बोलतो, त्याच्यामुळे तिसरा आपल्या व्हिडिओचा आवाज वाढवतो. यात कोणाच्या मनात दुष्टावा नसतो.

इथे एक भेद करायला हवा, कारण शांततेचे कैवारी तो नेहमी विसरतात. गप्पा आणि स्पीकर या एकाच पारड्यात घालायच्या गोष्टी नाहीत. मुंबईची लोकल म्हणजे वाचनालय नव्हे, आणि तिने ते व्हावे अशी अपेक्षाही करू नये. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, टिकल्या-क्लिपा विकणारीशी घासाघीस होते, हळदीकुंकू होते, एखादीचे डोहाळजेवणही होते. पश्चिम रेल्वेवर 1992 पासून लेडीज स्पेशल धावते आहे आणि तिच्यात जुळलेल्या मैत्री पुढच्या पिढीपर्यंत पोचल्या आहेत. घर आणि ऑफिस यांच्यामधला तो दीड तास अनेकींच्या दिवसातला एकुलता एक मोकळा वेळ असतो. तिथे कोणी 'शांतता राखा'ची पाटी घेऊन गेला तर त्याला खाली उतरवावे, हेच बरे.

भजनी मंडळांचे प्रकरण एवढे सोपे नाही. टाळ-ढोलकी घेऊन ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात रोज गाणारी ही मंडळे लोकलच्या संस्कृतीचा भाग आहेत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा सजवून पूजा करणारीही बहुधा तीच. त्यांच्याविरुद्ध तक्रारीही जुन्याच आहेत, आणि रात्रपाळी करून घरी निघालेल्याची किंवा परीक्षेला निघालेल्याची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. त्यांच्या बाजूने इतकेच म्हणता येते की हा आवाज पत्ता सांगून येतो. अमुक गाडी, अमुक डबा हे नेहमीच्या प्रवाशाला ठाऊक असते, ज्याला नको तो पुढच्या डब्यात चढतो. आणि गाणारी माणसे एकमेकांकडे बघून गातात; भोवतालच्या चेहऱ्यांवर आठ्या पडल्या तर त्या त्यांना दिसतात तरी. रीलवाल्याची मान खाली असते. डब्यात आणखी कोणी आहे, याचीच त्याला खबर नसते.

'आपले लोक असेच, जपानमध्ये बघा' हे वाक्य या चर्चेत हमखास येते. ते आळशी वाक्य आहे. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटचा अलिखित कायदा कोणी शिकवला? तिघांच्या बाकावर चौथा आला की बसलेले तिघे न बोलता सरकतात आणि तो अर्धा टेकतो. 'कुठे उतरणार?' असे विचारून सीटचा नंबर लावला जातो आणि तो नंबर सहसा कोणी मोडत नाही. कुठल्या स्टेशनला कुठल्या बाजूला उतरायचे, किती आधी उठून दाराकडे सरकायचे, पाठीवरची सॅक पुढे घ्यायची, रॅकवरची बॅग हातोहात मालकापर्यंत पोचवायची, हे सगळे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी राहतात. या गर्दीसाठी रेल्वेला 'सुपर डेन्स क्रश लोड' असा स्वतंत्र शब्द शोधावा लागला. एवढ्या गर्दीत जी माणसे जागेची इतकी नाजूक वाटणी करू शकतात, त्यांना आवाजाची वाटणी जमणार नाही, हे पटत नाही.

मग ती जमलेली का नाही? सीटच्या बाबतीत मागणाऱ्याची बाजू भक्कम असते. 'जरा सरका' म्हणण्यात कोणाचा अपमान होत नाही, कारण उद्या सरकणाऱ्यालाही तीच सोय लागणार असते. 'जरा आवाज कमी करता का' याचा अर्थ मात्र समोरचा 'तू असंस्कृत आहेस' असा लावतो. "त्रास होतोय तर टॅक्सीने जा ना!" हे ठरलेले उत्तर. विचारणारी कॉलेजातली मुलगी असेल आणि समोर चार जणांचे टोळके असेल, तर ती विचारतच नाही; उठून दुसरी जागा शोधते. वयाने मोठा माणूस असेल तर 'काका, प्लीज' म्हणायलाही जीभ रेटत नाही. नियम तीन-तीन, पण ते वापरण्याची जबाबदारी डब्यातल्या सर्वांत भिडस्त माणसावर. इतक्या वर्षांत त्याने तोंड उघडले नाही, यात नवल काय?

हे काम वाहकाचे, तिकीट तपासनिसाचे आणि ज्याची गाडी त्या संस्थेचे आहे. वाहकाने सांगितले तर तो गाडीचा नियम होतो, सहप्रवाशाने सांगितले तर तंटा होतो. 'पुढे चला, पुढे चला' म्हणणाऱ्या कंडक्टरशी कोणी हुज्जत घालत नाही, कारण ते त्याचे कामच आहे, हे सर्वांना मान्य असते. कर्नाटकाने ही गोष्ट ओळखली. नोव्हेंबर 2021 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर राज्य परिवहनाच्या बसमध्ये मोठ्याने मोबाइल वाजवण्यावर बंदी आली, आणि सांगूनही न ऐकणाऱ्याला खाली उतरवण्याचा अधिकार वाहकाला मिळाला. भाडेही परत नाही. अंमल किती कडक होतो हा वेगळा प्रश्न, पण कोणी बोलायचे हे तरी तिथे ठरले.

आपल्याकडे उलटे घडते आहे. बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या कितीतरी गाड्या वाहकाविना धावू लागल्या. तिकीट खाली थांब्यावर फाडायचे आणि गाडीत फक्त चालक. त्याने गर्दीतून वाट काढायची, दारे सांभाळायची, की मागच्या सीटवरच्या मालिकेचा आवाज कमी करायला सांगायचे? एसटीत वाहक आहे, पण अर्धे तिकीट, पाऊण तिकीट, सवलतीची ओळखपत्रे, सुट्टे पैसे आणि रुसलेले तिकिटाचे मशीन यांतून तो मोकळा होतो तेव्हा निम्मे अंतर कापून झालेले असते. लोकलच्या दुसऱ्या वर्गात तिकीट तपासनीस क्वचितच दिसतो. ज्यांनी बोलायला हवे त्यांची संख्या घटत गेली आणि नियमांची वाढत गेली, असा हा व्यवहार आहे.

दुसरी बाजूही ऐकून घ्यायला हवी. प्रत्येक स्पीकरवाला उद्धट नसतो. पंच्याहत्तरीच्या आजोबांना फोन कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून ते स्पीकरवर बोलतात. ज्याला टाइप करता येत नाही तो आवाजी संदेश पाठवतो आणि ऐकतो. दोन्ही हातांत पिशव्या असलेली बाई घरी 'कुकर लाव' सांगायला आणखी काय करणार? इयरफोन हा सर्वांसाठी निर्धोक उपायही नाही. कानात बोळे घालून रूळ ओलांडणारे गाडीखाली सापडतात, म्हणून रेल्वे पोलीस वर्षानुवर्षे कंठशोष करत आले आहेत. रात्री उशिरा एकटीने प्रवास करणारी मुलगी एक कान मोकळा ठेवते, तो शहाणपणानेच. आणि खडखडाटाच्या वरताण आवाज कानात ओतायचा तर तो किती मोठा करावा लागतो, हे कानाच्या डॉक्टरांना विचारावे.

म्हणूनच बंदी नेमकी हवी. मिनिटभराचा निरोप, आजारी आईची चौकशी, दोघांतल्या गप्पा यांना हात लावायचे कारण नाही. स्पीकरवरचे व्हिडिओ, गाणी, रील, गेम आणि तासभर चालणारे मोठ्या आवाजातले फोन एवढेच धरावे. सगळ्यालाच मनाई करणारा नियम कोणीच पाळत नाही, आणि वाहकालाही तो सांगायची लाज वाटते.

दंडाने प्रश्न सुटेल अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी फ्रान्सकडे पाहावे. फेब्रुवारी 2025 मध्ये नांत स्थानकात स्पीकरवर फोनवर बोलणाऱ्या एका प्रवाशाला 150 युरोंचा दंड झाला, तो न भरल्याने 200 वर गेला, आणि जगभर बातमी झाली ती दंडाच्या आकड्याची. पलीकडे बोलणारी त्याची बहीण होती. एवढ्या रकमेची पावती कर्जत लोकलमध्ये फाडायची तर आधी पोलीस बंदोबस्त मागवावा लागेल. अमेरिकेतल्या अॅमट्रॅकच्या 'शांत डब्या'ची हकिगत अधिक उपयोगी आहे. 2000 च्या सुमारास फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला जाणाऱ्या पहाटेच्या गाडीतल्या रोजच्या प्रवाशांनीच गार्डकडे एक डबा फोनमुक्त ठेवायची मागणी केली आणि तो प्रकार रुळला. तिथे नियम इतका मुरला की 2015 मध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती त्या डब्यात फोनवर मोठ्याने बोलू लागले, तेव्हा त्यांनाही डबा सोडावा लागला.

मुंबईत हे करून बघायला आता निमित्त आहे. उघड्या दारांच्या लोकलमध्ये वारा आणि रुळांचा आवाज लांबचे बरेचसे गिळून टाकतो. 25 डिसेंबर 2017 ला बोरिवली-चर्चगेट मार्गावर पहिली वातानुकूलित लोकल धावली, आणि तिच्या बंद डब्यात पहिल्यांदाच एका फोनचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचू लागला. मेट्रोत तेच, शिवनेरीतही तेच. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, त्यानंतर रेल्वेने नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे आणि डबे जोडणारी वाट द्यायचे जाहीर केले. ती दारे यायलाच हवीत. त्यांच्यापुढे आवाजाची तक्रार क्षुल्लक आहे. पण दारे लागली की गाडी म्हणजे एक लांबलचक खोली होणार आहे, हेही आताच लक्षात घ्यावे.

त्या खोलीत 'पुढील स्टेशन' सांगणारा आवाज आधीपासून आहे, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. अंधेरीहून सुटताना त्यात एका वाक्याची भर घालायला ना नवा कायदा लागतो, ना निविदा. वातानुकूलित लोकलचा एक डबा सहा महिन्यांपुरता शांत म्हणून जाहीर करायला रंगाची एक पट्टी आणि एक परिपत्रक पुरेल. तिथे तिकीट तपासायला चढणाऱ्या माणसाला एवढेच सांगायचे की पास बघताना स्पीकरही बघा. बेस्टने वाहक परत आणावेत ही मागणी कर्मचारी संघटना वेगळ्या कारणांसाठी करतातच. प्रवाशांनी त्यात आपलाही एक मुद्दा घालायला हरकत नाही.